सातवा थांबा

सोमवारी ऑफिसातून कागद आला:
सातवा थांबा रद्द.
खाली सही, तारीख. कारणाचा रकाना कोरा.

दोन वर्षं मी तिथे स्कूलबस उभी केली,
डुलुथच्या चढावर, हौतालांच्या पत्रपेटीशी,
सकाळी सहा पन्नासला.
दार उघडलं की सरोवरावरचा वारा आधी चढायचा,
मग तो.
यादीत त्याचं नाव केलब. बल्गेरियात होता तेव्हा कालोयान.
केलब म्हटलं तर वळायचा नाही.
कालोयान म्हटलं तरी नाही,
पण खांदे जरासे सैल पडायचे.

नऊ वर्षांचा. बोलणं नाही.
कपाळ काचेवर आपटत राहायचा,
आणि एकदा पावसात माझ्या लक्षात आलं,
वायपर चालले की तो थांबतो.
डोळे इकडून तिकडे, तिकडून इकडे.
तेव्हापासून कोरड्या दिवशीही मी वायपर लावायचे.
रबर झिजलं दोनदा. गॅरेजवाल्याला कारण सांगितलं नाही.

त्याला आणायचं ठरलं तेव्हा
चर्चच्या तळघरात वॉफल्सचा नाश्ता होता, मदतीसाठी.
मी दोन प्लेट घेतल्या. सोळा डॉलर.
सोळा डॉलरांत माणसाला
दुसऱ्याच्या घरात किती आतपर्यंत बघता येतं?

जे बाहेरून दिसलं ते एवढंच:
ग्रेचनच्या लांब बाह्या, जुलैतसुद्धा.
धाकट्या सोल्वेगच्या भुवईवर टाके.
तिच्या खोलीला नवी कडी, आतून.
आणि तिचा नवरा, गाडीत बसलेला,
इंजिन बंद, दिवे बंद, घरात न जाता.

आता दुकानात, गळाच्या आमिषांच्या फ्रीजपाशी
लोक हलक्या आवाजात बोलतात.
पदरात घेतलेलं लेकरू म्हणजे काय
मापाला न बसलेला बूट आहे का?
पोटचा असता तर दिला असता?

मी सुटे पैसे मोजत राहिले.
माझा भाऊ आयनार पोटचाच होता.
मी सात वर्षांची होते. वडिलांनी त्याला ट्रकमध्ये बसवलं,
आईनं त्याच्या मोज्यांवर नाव शिवलं,
आणि संध्याकाळी ट्रक परत आला तेव्हा
जेवायला मटार होते.
कुणी काही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, शहाणपणाचं केलंत.
मला त्याच्या वाटणीचे मटार मिळाले. मी खाल्ले.

म्हणून मी ग्रेचनला माफ करते असं नाही.
एका बाईनं त्याला दिला, एका देशानं दिला,
यांनी घेतला, आता यांनी दिला.
एवढ्या क्रियापदांत कर्म तोच,
कर्ता एकदाही नाही.
पण सोल्वेगच्या भुवईचं काय करायचं, तेही मला कळत नाही.
दोन्ही हातांत दोन मुलं घेऊन
बर्फावर चालायचं, आणि एक हात सुटायला लागतो.
कुठला, हे आधी ठरलेलं असतं का?

मंगळवारी पाय आपोआप ब्रेकवर गेला.
ती पत्रपेटीशी उभी होती,
गाऊनवर नवऱ्याचा कोट, पायांत त्याचेच बूट.
मी दार उघडलं. वारा चढला.
ती पायरीवर आली नाही.
म्हणाली, त्या लोकांना चौदा पानं लिहून दिली.
काय खातो, कशाला घाबरतो, कुठल्या कुशीवर झोपतो.
वायपरचं लिहायचं राहिलं.

म्हणजे तिला माहीत होतं.
रोज सकाळी दारात उभी राहून
कोरड्या काचेवरचे वायपर ती बघत होती.
मला राग आला. का, ते अजून नीट सांगता येत नाही.
तिला माहीत नसतं तर
सगळं किती सोपं झालं असतं.

फोन करा, मी म्हटलं.
ती म्हणाली, वकिलांनी सांगितलंय, सहा महिने करू नका.

आठव्या थांब्यावरची मुलं त्या दिवशी
चार मिनिटं जास्त गारठली.